मेडिकेअरचा हप्ता, दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न आणि पुण्यातला फ्लॅट

ओसरी (धागाकर्ती)
अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हल्ली गुडघ्यांच्या खालोखाल मेडिकेअरचा (पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्य विम्याचा) हप्ता हाच विषय असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात सोशल सिक्युरिटीचं (सरकारी निवृत्तिवेतन खात्याचं) पत्र येतं, पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) आणि पार्ट डी (औषधांचा भाग) या दोन्हींवर जादा रक्कम लावलेली असते, आणि ती कशामुळे लागली याचा पत्ता लागत नाही.

चर्चेसाठी एक उदाहरण घेऊ. नवरा-बायको दोघांचं मेडिकेअर सुरू आहे. पेन्शन, सोशल सिक्युरिटी, व्याज, आयआरए (निवृत्तीचं बचत खातं) असं धरून १०४० वरचं, म्हणजे अमेरिकेच्या आयकर रिटर्नवरचं, उत्पन्न १,६०,००० डॉलर. २००५ मध्ये ४० लाखांना घेतलेला पुण्यातला फ्लॅट नोव्हेंबर २०२४ मध्ये १ कोटी ६० लाखांना विकला. भारतात कर भरून झाला. तरीही २०२६ साठी दोघांचाही हप्ता वाढला. हे नियमात बसतं का? बसत असेल तर आधी काय करता आलं असतं?

हिशेबनीस
बसतं.

या जादा रकमेचं नाव इर्मा. पार्ट बी वर २००७ पासून आहे, पार्ट डी वर २०११ पासून. सोशल सिक्युरिटी खातं आयआरएसकडून (अमेरिकेच्या आयकर खात्याकडून) दोन वर्षांपूर्वीचं रिटर्न मागवतं. म्हणजे २०२६ च्या हप्त्यासाठी २०२४ चं उत्पन्न. त्यात बघतात काय, तर १०४० ची ओळ ११ (एजीआय, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शनसारख्या वजावटींआधीचं उत्पन्न) अधिक ओळ २ए (म्युनिसिपल बाँड वगैरेंचं करमुक्त व्याज). २०२५ च्या फॉर्मवर ११ ची ११ए झाली आहे, एवढाच बदल.

२०२६ साठी पार्ट बी चा साधा हप्ता माणशी महिना २०२.९० डॉलर. जोडीने रिटर्न भरणार्‍यांचं उत्पन्न २,१८,००० च्या वर गेलं की २८४.१०, २,७४,००० च्या वर ४०५.८०, ३,४२,००० च्या वर ५२७.५०, ४,१०,००० च्या वर ६४९.२० आणि ७,५०,००० पासून ६८९.९०. पार्ट डी वरची जादा रक्कम याच पायर्‍यांवर १४.५०, ३७.५०, ६०.४०, ८३.३० आणि ९१ डॉलर. एकट्याने भरणार्‍यांच्या रेषा १,०९,०००, १,३७,०००, १,७१,०००, २,०५,००० आणि ५,००,०००.

ही चढण नाही, कडा आहे. २,१८,००० वर एक डॉलर गेला तरी पूर्ण पायरी लागते. दोघांचे मिळून वर्षाला (८१.२० + १४.५०) × १२ × २ = २,२९६.८० डॉलर.

झणझणीत
इर्मा! ऐकायला शेजारची प्रेमळ जर्मन आजी वाटते. पत्र उघडलं की कळतं, खाष्ट सासू आहे.

नागपुरी_संत्रं
पण भारत-अमेरिका यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे ना? भारतात १२.५ टक्के भरले असतील तर तेच उत्पन्न इकडे पुन्हा मोजायचं कशाला?

हिशेबनीस
@नागपुरी_संत्रं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. कराराने आणि फॉर्म १११६ ने मिळतं ते फॉरेन टॅक्स क्रेडिट. ते *करातून* वजा होतं, *उत्पन्नातून* नाही. नफा शेड्यूल डी मार्गे ओळ ७ वर येतो आणि तिथून ११ मध्ये जातोच. क्रेडिटचा नंबर दुसर्‍या पानावर लागतो, तोवर इर्माने आकडा टिपलेला असतो.

ओसरीताईंच्या उदाहरणाचे आकडे बघा. अमेरिकेसाठी खरेदी खरेदीच्या दिवसाच्या दराने आणि विक्री विक्रीच्या दिवसाच्या दराने डॉलरमध्ये करायची. २००५ ला ४४ रुपये धरला तर ४० लाख म्हणजे ९०,९०९ डॉलर. २०२४ ला ८४ धरला तर १ कोटी ६० लाख म्हणजे १,९०,४७६. नफा साधारण ९९,५००. पुष्कळ जण रुपयांतला नफा (१ कोटी २० लाख) काढून त्याला ८४ ने भागतात आणि १,४२,८५७ लिहितात. म्हणजे ४३ हजार डॉलरचा नफा फुकट जास्त दाखवला. रुपया घसरल्याचा फायदा इथे पदरात पडतो, तो सोडू नका.

१,६०,००० + ९९,५०० = २,५९,५००. पहिली पायरी. वर २,५०,००० च्या पुढे गेल्यामुळे ९,५०० वर ३.८ टक्क्यांचा नेट इन्व्हेस्टमेंट इन्कम टॅक्स, म्हणजे ३६१ डॉलर, आणि त्याच्यावर फॉरेन टॅक्स क्रेडिट चालत नाही. अमेरिकेचा १५ टक्के भांडवली नफा कर मात्र भारतातल्या करामुळे पुसला जातो. म्हणून "कर शून्य आला" या आनंदात दोन वर्षं जातात आणि मग पत्र येतं.

तीच चुकीची पद्धत, म्हणजे १,४२,८५७ धरली, तर उत्पन्न ३,०२,८५७ होऊन दुसरी पायरी लागली असती. दोघांचे ५,७६९.६० डॉलर. ओसरीताई, त्या जोडप्याला रिटर्न तपासायला सांगा. चूक असेल तर १०४०-एक्स (सुधारित रिटर्न) भरून, आयआरएसने तो स्वीकारल्याची पोच सोशल सिक्युरिटीला दाखवली की इर्मा नव्याने ठरवतात.

कोपर्‍यातला_दिवा
वरच्या हिशेबाला तीन पुरवण्या.

एक. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर घसारा वजा करून खरेदीची किंमत कमी होते. रिटर्नमध्ये घसारा *घेतला नसेल तरी* घेता आला असता तेवढा धरतात. म्हणजे नफा ९९,५०० वर थांबत नाही.

दोन. फ्लॅट वारशाने आला असेल तर चित्र उलटं. अमेरिकेच्या नियमाने मूळ किंमत म्हणजे आईवडिलांच्या मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव. त्या तारखेचं मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचं पत्र तेव्हाच करून ठेवा, दहा वर्षांनी मिळवायला जीव जातो. पण आईवडिलांनी हयातीत *बक्षीसपत्र* करून दिला असेल तर त्यांचीच जुनी किंमत चालू राहते. १९८५ साली दोन लाखांना घेतलेल्या सदनिकेचं बक्षीसपत्र घाईने करून घेणार्‍यांनी हे आधी वाचावं. भारतात दोन्हीकडे जुन्या मालकाचीच किंमत धरतात, त्यामुळे तिथल्या सीएला हा फरक सहसा सुचत नाही.

तीन. तारीख. भारताचं वर्ष मार्चला संपतं, अमेरिकेचं डिसेंबरला. डिसेंबरऐवजी जानेवारीत खरेदीखत नोंदवलं तर भारताच्या दृष्टीने काहीच बदलत नाही, तेच आर्थिक वर्ष. अमेरिकेत मात्र नफा पुढच्या वर्षात जातो. पुढच्या वर्षी पगार थांबणार असेल किंवा उत्पन्न कमी असेल तर हे चार आठवडे सोन्याचे.

सरळसोट
एवढं कशाला? एसएसए-४४ भरायचा, इर्मा कमी करायच्या विनंतीचा फॉर्म. त्यात "उत्पन्न देणारी मालमत्ता गमावली" असा पर्याय आहे. फ्लॅट भाड्याने होता, आता नाही. झालं काम.

फॉर्मवाली
@सरळसोट, नाही हो होत. त्या पर्यायात स्वतःहून केलेली विक्री बसत नाही. आग, पूर, दरोडा, घोटाळा असं हाताबाहेरचं काही लागतं. विकून पैसे घेतले त्याला गमावणं म्हणत नाहीत.

एसएसए-४४ वर आठच घटना आहेत: लग्न, घटस्फोट (किंवा विवाह रद्द), जोडीदाराचा मृत्यू, काम थांबणं, काम कमी होणं, मालमत्ता गमावणं, पेन्शन बंद पडणं किंवा घटणं, आणि मालक कंपनीच्या दिवाळखोरीसारख्या कारणाने मिळालेली तडजोडीची रक्कम. भांडवली नफा, रॉथ कन्व्हर्जन (आयआरएतले पैसे कर भरून रॉथ या करमुक्त खात्यात हलवणं), आरएमडी (ठराविक वयानंतर आयआरएतून दरवर्षी सक्तीने काढायची रक्कम) यांपैकी काहीही या यादीत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो निवृत्तीला. २०२५ च्या मेमध्ये नोकरी सोडली, पण २०२६ चा हप्ता २०२४ च्या पूर्ण पगारावर लागला. हे दुरुस्त होतं. भरताना:

पहिल्या भागात एकच घटना आणि तिची तारीख. दुसर्‍या भागात ज्या वर्षी उत्पन्न घटलं ते वर्ष, त्या वर्षाचा एजीआय, करमुक्त व्याज आणि रिटर्न भरायचा प्रकार. तिसरा भाग पुढच्या वर्षी आणखी घटणार असेल तरच. बरेच जण तिसरा भाग उगाच भरतात आणि दोन आकड्यांत मेळ बसत नाही म्हणून फॉर्म परत येतो. सोबत कंपनीचं नोकरी संपल्याचं पत्र.

पुरावा म्हणून घटनेचा कागद वेगळा आणि उत्पन्नाचा वेगळा. रिटर्न भरलं असेल तर सही केलेली प्रत जोडा. नसेल तर अंदाज चालतो, पण पुढे आयआरएसच्या आकड्याशी ताडून बघतात आणि फरक वसूल करतात. म्हणून अंदाजात डिसेंबरातलं म्युच्युअल फंडांचं भांडवली नफ्याचं वाटप धराच. रेषेला चिकटून बसलेली माणसं तिथेच घसरतात.

नवर्‍याचं काम थांबलं तर ती घटना बायकोच्या इर्मालाही लागू होते, पण दोघांनी आपापला फॉर्म द्यायचा. आकडाच चुकला आहे असं म्हणणं असेल तर तो वेगळा रस्ता: पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत फेरविचाराचा अर्ज, एसएसए-५६१.

झणझणीत
"विकून पैसे घेतले त्याला गमावणं म्हणत नाहीत." हे वाक्य वडिलोपार्जित जमीन विकणार्‍या भावकीला पाठवतो आहे.

पेन्शनपंढरी
इर्मा लागणारे थोडे. साधा हप्ताच कुठे पोचलाय ते बघा ना. २०२० मध्ये १४४.६०, २०२६ मध्ये २०२.९०. सहा वर्षांत ४० टक्के. मध्ये २०२२ ला एकदम १७०.१० झाला, एक मोठं कारण म्हणजे अल्झायमरच्या एका नव्या महागड्या औषधासाठी राखीव रक्कम धरली होती. ती लागली नाही म्हणून २०२३ ला १६४.९० वर उतरला. उतरण्याचे प्रसंग तसे विरळाच. १९६६ साली हा हप्ता ३ डॉलर होता!

२०२६ ला सोशल सिक्युरिटी २.८ टक्के वाढली आणि हप्ता १७.९० ने. चेक साधारण ६४० च्या खाली असेल तर वाढीपेक्षा हप्त्याची वाढ जास्त होते, आणि तिथे हातात येणारी रक्कम घटू न देण्याचं संरक्षण आहे. पण इर्मा भरणार्‍याला ते संरक्षण नाही. नव्याने मेडिकेअर घेणार्‍यालाही नाही.

सरळसोट
मग मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज घ्या, खाजगी कंपनीचा शून्य हप्त्यावाला प्लॅन. इर्मा सुटेल. (फॉर्मवालीताई रागावू नका.)

फॉर्मवाली
रागावत नाही, पण सुटत नाही. अ‍ॅडव्हांटेज घेतलं तरी पार्ट बी चा हप्ता सरकारलाच द्यायचा असतो, इर्मासकट. प्लॅनमध्ये औषधं असतील तर पार्ट डी ची इर्माही. जुन्या कंपनीकडून निवृत्तांसाठी मिळणारा औषधांचा प्लॅन मेडिकेअर पार्ट डी चा असेल तरी तेच. सोशल सिक्युरिटी अजून सुरू केली नसेल तर बिल घरी येतं. ते "जाहिरात असेल" म्हणून टाकून देऊ नका. पार्ट डी ची इर्मा थकली तर औषधांचं कव्हरेज जातं.

दही_मिसळ
थोडा विरोधी सूर लावतो. इर्माला घाबरून माणसं वेडे निर्णय घेतात. जोडप्याची पहिली पायरी २,१८,००० ते २,७४,०००, म्हणजे ५६,००० रुंद. ती पूर्ण वापरली तर २,२९६.८० म्हणजे ४.१ टक्के जादा कर. दुसरी पायरी ६८,००० रुंद, आणखी ३,४७२.८०, म्हणजे ५.१ टक्के. मूर्खपणा आहे तो फक्त रेषेच्या शंभर-दोनशे डॉलर वर जाण्यात. ओलांडायचीच असेल तर पायरी भरून ओलांडा. त्या जोडप्याने २०२४ मध्ये फ्लॅट विकल्यावर २,५९,५०० वर थांबण्याऐवजी उरलेल्या १४,५०० तलं दहा-बारा हजारांचं रॉथ कन्व्हर्जन केलं असतं तर इर्मा एका पैने वाढली नसती.

हिशेबनीस
+१. फक्त त्या १०-१२ हजारांवर ३.८ टक्क्यांचा कर अप्रत्यक्षपणे लागतो हे लक्षात ठेवा. कन्व्हर्जन स्वतः त्यात मोडत नाही, पण २,५०,००० च्या वरचा भाग वाढला की नफ्यातला तेवढा जास्त भाग त्याच्या कचाट्यात येतो. शिवाय कडेला २-३ हजारांची गादी ठेवा. डिसेंबरातलं एक सुधारित १०९९ (बँकेने किंवा फंडाने पाठवलेलं उत्पन्नाचं पत्रक) मार्चमध्ये येऊन सगळं बिघडवतं.

मोगरा_आणि_मोडेम
खरा काळ ६३ च्या आधीचा. पासष्टाव्या वर्षीचा हप्ता ६३ व्या वर्षाच्या उत्पन्नावर ठरतो. त्यामुळे निवृत्ती ६० ला असेल तर ६० ते ६२ ही तीन कॅलेंडर वर्षं रॉथ कन्व्हर्जन आणि भारतातली विक्री दोन्हींसाठी इर्मामुक्त. (पासष्टीच्या आधी मार्केटप्लेसचा (सरकारी विमा-बाजारातला) विमा अनुदानावर घेत असाल तर तिथला हिशेब वेगळा.)

नाहीतर मग आरएमडी येते. १९५१ ते १९५९ दरम्यान जन्म असेल तर ७३ व्या वर्षी, १९६० किंवा नंतर असेल तर ७५. ७३ ला भागायचा आकडा २६.५. आयआरएत २० लाख डॉलर असतील तर पहिल्याच वर्षी ७५,४७२ काढावेच लागतात, आणि पुढे दरवर्षी भागाकार चढत जातो. हे एकदाचं पत्र नसतं, दरवर्षीचं असतं.

कोपर्‍यातला_दिवा
आणि एक नवी फसगत. २०२५ ते २०२८ साठी पासष्टीवरच्यांना माणशी ६,००० ची जी नवी वजावट आली आहे ती ११ व्या ओळीच्या *खाली* आहे. स्टँडर्ड डिडक्शनही खाली. देणग्यांची वजावटही. इर्माला यांतलं काही दिसत नाही.

देणगी वर सरकवायचा मार्ग म्हणजे क्यूसीडी. वय साडेसत्तर पूर्ण (त्या तारखेनंतरच, त्या वर्षात नव्हे), आयआरएतून थेट संस्थेला, २०२६ ची मर्यादा माणशी १,११,०००. ती आरएमडीत मोजली जाते आणि उत्पन्नात येत नाही.

नागपुरी_संत्रं
भारतातल्या संस्थेला देता येते का? आमच्याकडच्या वाचनालयाला?

कोपर्‍यातला_दिवा
थेट नाही. संस्था अमेरिकेतली ५०१-सी-३ (करसवलतीला पात्र धर्मादाय संस्था) हवी. इथल्या महाराष्ट्र मंडळाला किंवा देवळाला तो दर्जा असेल तर चालतं. मात्र बदल्यात काही घ्यायचं नाही. गणेशोत्सवाची दोन जेवणाची कुपनं घेतली तर ती क्यूसीडी राहत नाही. चेक संस्थेच्या नावाचा हवा, तुमच्या नावाचा काढून मग दिला तर बाद. आणि वर्षाच्या सुरुवातीला करा. आयआरएतून आधी निघालेले पैसे आरएमडीत जमा होतात. ती रोखीने घेऊन झाली की नंतरच्या क्यूसीडीने ती परत उत्पन्नातून पुसता येत नाही.

झणझणीत
म्हणजे मोदक की मेडिकेअर, एकच निवडा.

पेन्शनपंढरी
अवांतर, पण इथे विचारलं जाईलच म्हणून. भारतात कायमचं परतणार असाल तर मेडिकेअर तिथल्या इस्पितळाला पैसे देत नाही. पार्ट ए (इस्पितळाचा भाग) फुकट असेल तर राहू द्या. पार्ट बी सोडायचा फॉर्म सीएमएस-१७६३. पण परत घ्यायचा झाला तर जानेवारी ते मार्चमध्येच अर्ज, आणि मधल्या दर पूर्ण १२ महिन्यांमागे हप्त्यावर १० टक्के दंड, जन्मभर. पाच वर्षं तिकडे राहून आलात तर दीडपट हप्ता. पार्ट डी बाहेरदेशी राहून ठेवताच येत नाही, पण परतल्यावर दोन महिन्यांत घेतलं तर त्याचा दंड लागत नाही.

दुसरं: मुलांकडे ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांना सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. अमेरिकेतल्या नोकरीची ४० क्रेडिट (साधारण दहा वर्षं) नसल्यामुळे पार्ट ए चे २०२६ मध्ये महिना ५६५ डॉलर, वर पार्ट बी. भारतातल्या नोकरीची वर्षं यात धरत नाहीत, दोन देशांत तसा करारच नाही.

मोगरा_आणि_मोडेम
परत मूळ मुद्द्याकडे. भारतातलं उत्पन्न म्हणजे फक्त फ्लॅट नव्हे. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींचं व्याज भारतात करमुक्त, अमेरिकेत पूर्ण करपात्र, म्हणून इर्मातही. भाड्याचं निव्वळ उत्पन्नही. उलट रॉथमधून नियमाप्रमाणे काढलेले पैसे, एचएसएतून (आरोग्य बचत खात्यातून) वैद्यकीय खर्चासाठी काढलेले पैसे आणि राहत्या घराच्या विक्रीतला २,५०,००० / ५,००,००० पर्यंतचा वगळलेला नफा इर्मात येत नाही. एचएसएतून पार्ट बी, पार्ट डी आणि खुद्द इर्माही भरता येते. मेडिगॅपचा (मेडिकेअरला पूरक खाजगी विम्याचा) हप्ता मात्र नाही.

फॉर्मवाली
कुणी बोललं नाही म्हणून: जोडीदार गेल्यावर काय होतं. ज्या वर्षी मृत्यू झाला त्या वर्षी जोडीचं रिटर्न. पुढच्या वर्षापासून (अवलंबून मूल नसेल तर) एकटीचं. सोशल सिक्युरिटीचा लहान चेक बंद होतो, पण आयआरए सगळा तिच्याकडे येतो. उत्पन्न थोडंच कमी, रेषा मात्र २,१८,००० वरून थेट १,०९,०००. अशा वेळी मृत्यूची घटना दाखवून घाईने एसएसए-४४ भरू नका. फॉर्ममध्ये नवं वर्ष दाखवलं की एकट्याच्या रेषा लागतात. १,८०,००० वर जोडीने काहीच इर्मा नव्हती. एकटीला १,५०,००० वर दुसरी पायरी आहे. आधी दोन्ही बाजूंनी कागदावर मांडून बघा.

ओसरी
सगळ्यांचे आभार. त्या उदाहरणातल्या जोडप्याचं मूळ रिटर्न रुपयांतल्या नफ्याला ८४ ने भागूनच केलं होतं, हिशेबनीसांचा बाण बरोबर लागला. १०४०-एक्स करायला सांगितलं आहे.

एक शेवटचा प्रश्न. याच घरात दुसरा एक फ्लॅट आहे, तो २०२६ मध्ये विकायचा विचार आहे. तेव्हा कुठल्या रेषा धरायच्या? २,१८,०००?

हिशेबनीस
२०२६ चं उत्पन्न २०२८ च्या हप्त्याला. २०२८ च्या रेषा २०२७ च्या शरद ऋतूत जाहीर होतील, विक्रीनंतर वर्षभराने. महागाईनुसार त्या थोड्या वर सरकतात, त्यामुळे आज २,१८,००० धरून हिशेब केला तर चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होईल. वरची ७,५०,००० ची रेषा मात्र गोठवलेली आहे, ती २०२८ पासून हलायला लागते.

डिसेंबर की जानेवारी हे गिर्‍हाईकाशी बोलताना आधीच ठरवा. आणि टीडीएस कमी करण्याचा दाखला आयकर खात्याकडून करारनाम्याच्या आधी मागा, नाहीतर घेणारा पूर्ण किमतीवर कापतो आणि परताव्यासाठी रिटर्नची वाट बघत बसावं लागतं.

सरळसोट
मी काय म्हणतो, फ्लॅट विकूच नका.

झणझणीत
मग भाडं मोजेल ना आजी.